बाटलीतली विहीर

सुनावणीच्या दिवशी मालन दिवटेची विहीर प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, एका लिटरच्या बाटलीत ठेवलेली होती. बाटलीच्या तोंडाला लाखेची मोहर होती, मानेला सुतळी होती आणि पोटावर चिकटवलेल्या कागदावर मालनचीच सही होती. विहीर पुरती होती. काठाचे दगड, उतरायच्या अकरा पायऱ्या, पाचव्या पायरीजवळच्या कोनाड्यातलं पारव्यांचं घरटं, सगळं जिथल्या तिथं. फक्त आता ते वीतभर उंचीचं झालं होतं. टेबल मात्र साधं लाकडी होतं आणि त्याला विहिरीचं वजन झेपत नव्हतं. त्याचे चारही पाय फरशीत बोटभर रुतले होते.

मालननं आधी वाकून पारव्याची पिल्लं मोजली. तीन होती. तिन्ही आहेत म्हटल्यावर तिनं टेबलापलीकडच्या बाईंना हात जोडले.

"लई नीट ठेवलीत हो."

"कामच आहे आमचं ते," टिळेकरबाई म्हणाल्या. कार्यालयातले नमुने त्या सांभाळत. "उन्हं आली की सावलीत सरकवते. नाहीतर शेवाळ वाढतं. तुमच्या विहिरीत कासव आहे का?"

"आहे की. एक."

"मग बरोबर. मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या नमुन्यातलं आलं."

मालनच्या मागं इस्माईल मुजावर उभा होता. तिच्या सूतरंगाईच्या कारखान्यात तो तीस वर्षं रंगमास्तर होता, आणि त्याच्या नखांत त्या तीस वर्षांचे सगळे रंग बसले होते. त्यानं बाटलीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. विहीर बाटलीत गेली होती ती त्याच्या हातानं, मालनच्या सांगण्यावरून.

झालं होतं ते असं. कारखान्यातलं रंगाचं पाणी टाक्यांतून फिरवायचं, गाळ खाली बसवायचा, आणि मग निवळलेलं पाणी ओढ्याला सोडायचं, असा नियम होता. टाक्या होत्या, मोटर होती, पाणी घुसळायचा पंखाही होता. पण मोटर चालवायची म्हणजे तिच्यापाशी दिवसभर एक माणूस बसवावा लागे, आठवड्याला गाळ उपसावा लागे. म्हणून मोटर तपासणीचे साहेब येणार असले की तेवढी चालायची. साहेबांची जीप पुलावरच्या चहाच्या टपरीशी थांबली की टपरीवाला फोन करायचा. त्या दिवशी जीप थांबलीच नाही, फोन उशिरा आला, आणि शेवटच्या टाकीतलं पाणी तर वांग्यासारखं जांभळं होतं. मालन म्हणाली, "विहिरीचं पाणी घाला." इस्माईलनं विहिरीच्या मोटरचा पाइप उचलून टाकीत सोडला. साहेब आधी चुकून शेजारच्या कारखान्यात गेले, तिथं जेवले, तोवर चार तास पाणी पडत होतं. ते आले तेव्हा टाकीतलं पाणी पिण्यासारखं झालं होतं. त्यांनी बाटली बुडवली, भरली, दोन पंचांसमोर लाख लावली. मालननं सही केली. इस्माईलनं साहेबांना शहाळं फोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सुमन घागर घेऊन गेली, तर विहिरीच्या जागी सपाट जमीन होती. जमिनीवर हरळी उगवली होती. रहाटाचे दोन खांब तसेच उभे होते आणि दोराचं वेटोळं गवतावर पडलं होतं. त्या विहिरीवर गल्लीतली नऊ घरं पाणी भरत.

त्यानंतर आठ दिवसांनी, आज, सुनावणी होती. नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं की दंड ठरून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, म्हणजे नमुना मोकळा होईल. संध्याकाळी सहापर्यंत ठरलं नाही, तर तो मोरीत ओतून टाकण्यात येईल. कार्यालयाची मोरी खोलीतच, खिडकीखाली होती. मालननं आल्या आल्या ती पाहिली होती. तिच्या तोंडाशी जाळी होती, आणि जाळीवर दुसऱ्या कुणाच्यातरी तळ्यातलं एक कमळ अडकून सुकलं होतं.

सुनावणी घेणारे वाघचौरे साहेब बरोबर अकराला आले. उंच, किरकोळ अंगाचे, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी खडू. हातात एक काठी होती, वेताची, तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा केलेल्या. त्यांनी मालनला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"दंड कसा ठरवतात, माहीत आहे का?"

"न्हाई साहेब. तुम्ही सांगाल तो."

"मी सांगत नाही. आपण दोघं मिळून काढायचा असतो." ते सावकाश बोलत होते, समोरच्याला कळलं की नाही ते बघत. "पूर्वी आम्ही रुपये घ्यायचो. ते ओढ्यात टाकून पाहिले. वाहून गेले. म्हणून आता दिवस घेतो. जितके दिवस तुमचं पाणी ओढ्याकडं राहायला होतं, तितके दिवस ओढा तुमच्याकडं राहायला येणार."

"घरी?"

"घरी."

इस्माईलनं घसा साफ केला. "त्याला खायला काय लागतं?"

"त्याचं तो बघतो. तुम्ही जागा द्यायची."

मालननं मनातल्या मनात दोन्ही खोल्या डोळ्यांपुढं आणल्या. पलंग, धान्याचे डबे, देवाचं फडताळ. मग तिनं बाटलीकडं पाहिलं. आतल्या पाण्यावर ऊन पडलं होतं आणि कासव पायरीवर येऊन बसलं होतं. "आम्ही लिहून दिलंय तसं, मोटर अकरा दिवस बिघडली होती," ती म्हणाली. "अकरा दिवस येऊ दे. माझी ना नाही."

"बघू या," साहेब म्हणाले आणि त्यांनी खुर्चीमागचं दार उघडलं.

दाराआड एक बोळ होता. इमारत बाहेरून जेमतेम तीन खोल्यांची होती, पण बोळ त्यांच्या पुढं जात होता. त्याच्या डाव्या हाताला खिडक्या होत्या, एका दिवसाची एक.

पहिल्या खिडकीत ओढा पिवळा होता. चार म्हशी गुडघ्यापर्यंत पिवळ्या होऊन उभ्या होत्या आणि एकमेकींकडं पाहत होत्या. वाघचौरे साहेबांनी काठी खिडकीबाहेर घातली, ओढ्यात बुडवली, वर काढून खूण वाचली आणि खिडकीखाली खडूनं एक रेघ मारली. मग ते थांबले. मालन पुढं निघाली, तर म्हणाले, "नीट बघून घ्या. घाई नाही. पाणी किती रंगलं ते काठी सांगते. कुणाचं काय गेलं ते खिडकीतूनच दिसतं."

मालन मागं फिरली आणि बघत राहिली. एक म्हैस पाण्यातून निघाली आणि पिवळ्या पायांनी चढ चढून घराकडं गेली. दारात बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला ओळखलं नाही, आत घेतलं नाही.

दुसऱ्या खिडकीत ओढा हिरवा होता, तिसऱ्या खिडकीतही हिरवा. पाचवीत एक बाई काठावर धुणं धूत होती. ती लुगडं आपटायची, तसा त्याचा रंग बदलायचा. नवऱ्याचा सदरा, पोराचं पांघरूण, सगळं एकाच रंगाचं झालं, तेव्हा ती कुणाचं कोणतं ते आठवत बसली. दरेक खिडकीपाशी साहेब तसेच थांबले, काठी बुडवली, रेघ मारली, आणि मालनचं बघून होईस्तोवर हलले नाहीत. शाळेत मालन तिसरीपर्यंत होती. तिथं ज्यांना लवकर येई त्यांच्याबरोबर गुरुजी पुढं जात. ती इतकी वर्षं धरून चालली होती की आपल्यासाठी कुणी थांबायचं नसतं. आता एक साहेबमाणूस म्हशीचे पाय तिचे बघून होईपर्यंत हातातला खडू फिरवत उभा होता. तिला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या खाली कुठंतरी बरं वाटत होतं.

अकरावी खिडकी आली. तिच्यानंतर भिंत असायला हवी होती. बारावी होती. तेरावी होती. बोळ पुढं सरळ गेला होता. साहेबांनी मालनकडं पाहिलंसुद्धा नाही. अकराखाली मारली तशीच रेघ बाराखाली मारली.

"इस्माईलभाऊ," मालन हळूच म्हणाली, "किती आहेत?"

"वहिनी, मोटर मी कधी चालू केली ते सांगू शकतो. बंद किती दिवस होती ते कसं सांगू?"

एकोणिसाव्या खिडकीत बगळे जांभळे झाले होते. पांढऱ्या बगळ्यांचा थवा आला आणि लांब जाऊन बसला. जांभळ्यांनी दोनदा त्यांच्याजवळ जाऊन पाहिलं, मग त्यांनी आपली वेगळी रांग केली. सव्विसाव्या खिडकीत खालच्या वाडीच्या बाया ओढ्याकाठच्या वाळूत झिरे खणत होत्या. वीतभर खणलं तर लाल पाणी लागलं, हातभर खणलं तर गुलाबी. त्या खणत खणत कमरेएवढ्या खड्ड्यात उतरल्या. तिथून त्यांचे फक्त आवाज वर येत होते. एकमेकींची थट्टा चालली होती. एक दुसरीला म्हणत होती, "आगं, तू तर लग्नातल्यापेक्षा आता जास्त लाल झालीस."

तिथून पुढं बोळ अरुंद व्हायला लागला. तिसाव्या खिडकीपाशी इस्माईल तिरका चालू लागला. अडतिसाव्यापाशी त्यानं पोट आत ओढलं. बेचाळिसाव्यापाशी तो दोन भिंतींच्या मध्ये अडकला तो अडकलाच.

"वहिनी, तुम्ही व्हा पुढं. माझं काय आता होत नाही."

"तिथंच थांबा," साहेब म्हणाले. "ती खिडकी तुमचीच आहे."

इस्माईलनं मान वळवली. खिडकीत तोच होता, हातात बादली घेऊन टाकीच्या कडेला उभा, आणि मोटरच्या बटणाकडं बघत होता. बाहेरच्या इस्माईलनं आतल्याला हाक मारली, "दाब की रं." आतल्यानं ऐकलं नाही. मालन पुढं गेली तेव्हा तो मागं अजून त्याला समजावत होता. हळू आवाजात, घरच्या माणसाला समजवावं तसं.

सत्तेचाळिसावी खिडकी खालच्या वाडीच्या शाळेत उघडत होती. पहिलीचा वर्ग ओढ्यावर हात धुऊन नुकताच आत आला होता. सगळ्या मुलांचे हात कोपरापर्यंत निळे होते. बाईंनी फळ्यावर गणित घातलं आणि विचारलं, कुणाला येतंय. तेवीस निळे हात वर झाले. बाईंनी सगळ्यांना एकेक करून विचारलं. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. मालनला एकदम रडू आलं, ते त्यांचे हात पाहून नव्हे, तर उत्तर बरोबर आलं म्हणून. एक मुलगी बाकावरून उठून खिडकीशी आली आणि तिनं मालनचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"तुमचा कुठला वर्ग?" तिनं विचारलं. "तुमच्या वर्गाला रंग नाही?"

"अजून नाही," मालन म्हणाली.

"येईल," ती मुलगी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी रेघ मारली. यावेळी ते जास्त वेळ थांबले.

पुढं बोळ इतका चिंचोळा झाला की दोघांना एकामागं एक चालावं लागलं. मालनचे दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. छत खाली आलं होतं. साहेब वाकून चालत होते, पण दर खिडकीशी अंग चोरून तिला पुढं घेत होते, तिला नीट दिसावं म्हणून. एकसष्टाव्या खिडकीनंतर भिंत आली.

"एकसष्ट," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. "आता ऐका. दिवस एकसष्ट. विहीर मिसळून लपवलंत, म्हणून दुप्पट. एकशे बावीस. यापूर्वी तुमच्या नावावर काही नाही, त्यामुळं त्यात भर नाही. घर केवढं आहे?"

"दोन खोल्या."

"दोन खोल्यांत ओढा एकशे बावीस दिवस राहिला, तर भिंती विरघळतील. दंड असा असावा की तो संपेपर्यंत घर उभं राहील. घरच पडलं तर तो राहणार कुठं आणि तुम्ही शिकणार काय? नव्वद करू." त्यांनी भिंतीवर खडूनं नव्वद लिहिले. "परत जायला वेळ लागत नाही. सही करा, सहाच्या आत विहीर मोकळी होईल."

मालननं होकार द्यायला तोंड उघडलं आणि आधारासाठी भिंतीला हात लावला. भिंत ओली होती. गिलावा नुकताच केलेला होता, आणि त्यावर थापीचे नाही, बोटांचे ठसे होते. तिनं आपली बोटं एकेका ठशात ठेवून पाहिली. बरोबर बसली. करंगळी वाकडी होती तीसुद्धा.

"साहेब, या भिंतीपलीकडं काय आहे?"

"नकाशात इमारत इथं संपते."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. मला दाखवतात तेवढंच मोजता येतं."

ते खरंच वाट पाहत नव्हते. ते जायला वळले होते. मालनला विहीर दिसत होती, नऊ घरांच्या घागरी दिसत होत्या, मोरीची जाळी दिसत होती. सही केली की झालं. पण या माणसानं तिच्याबरोबर एकसष्ट खिडक्यांपाशी उभं राहून पाहिलं होतं. म्हशी, बगळे, झिऱ्यातल्या बाया, निळी पोरं. तेवढ्या सगळ्यांकडं कुणीतरी एकदा नीट पाहिलं होतं. आता मालन गेली तर भिंतीमागच्या या एका दिवसाकडं कुणीच पाहणार नव्हतं, कधीच. तो या भिंतीत तसाच एकटा राहणार होता.

"साहेब, एक राहिलाय," ती म्हणाली. "इस्माईलभाऊ ईदला गेला होता. कामगारांना मीच सुट्टी दिली होती. सूत पांढरं करायच्या औषधाची टाकी भरली होती, ती मी सोडली. माझ्या हातानं चावी फिरवली. सगळी."

साहेब वळले.

तिनं नखांनी गिलावा ओरबाडला. तो भिजलेल्या पिठासारखा निघाला. खाली चौकट होती, चौकटीत गज होते. गजांपलीकडं ओढा होता, आणि त्याला कुठलाच रंग नव्हता. इतक्या खिडक्यांमध्ये इतकं स्वच्छ पाणी कुठंच नव्हतं. तळाचे गोटे मोजता येत होते. गोट्यांवर मासे ओळीनं आडवे झाले होते, त्यांच्या शेजारी खेकडे, त्यांच्या शेजारी बेडूक, बाजारात मांडल्यासारखे. म्हशी नव्हत्या. बगळे नव्हते. काठावर कुणीच नव्हतं आणि वारासुद्धा नव्हता.

वाघचौरे साहेबांनी काठी बाहेर घातली, बुडवली आणि वर काढली. काठी हातभर आखूड झाली होती. ते तिच्या टोकाकडं बघत राहिले. मग मालनच्या शेजारी, जागा नव्हती तिथं कसेबसे उभे राहून, त्यांनी खिडकीतून पाहिलं. मालननं घाई केली नाही. आता ती थांबली होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी तुमचा आभारी आहे."

"माझे कसले आभार, साहेब?"

"या भिंतीशी मी पुष्कळांबरोबर आलो. पलीकडचं आज पहिल्यांदा बघायला मिळालं." त्यांनी नव्वदचा आकडा सदऱ्याच्या बाहीनं पुसला. "बासष्ट. दुप्पट केले की एकशे चोवीस. तुम्ही आपण होऊन सांगितलंत, त्याबद्दल काही दिवस कमी करायचा मला अधिकार आहे. किती करू?"

"मला कुठं कळतंय त्यातलं?"

"कळतं. असे कमी करायचे की राहिलेले दिवस या दिवसाला पुरतील."

मालननं खिडकीकडं पाहून हिशेब केला. बोटं दोनदा पुरी झाली आणि तिसऱ्यांदा चार धरली. "चोवीस करा," ती म्हणाली. "शंभर राहू देत. आणि घराला वर माडी पण आहे. सुताच्या लड्या ठेवतो आम्ही तिथं. मघाशी मी माडी धरली नव्हती."

"माडी असली तर शंभर झेपतील," साहेब म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवर शंभर लिहिले.

परत यायला तीन पावलं लागली. दुसऱ्या पावलाला त्यांनी इस्माईलला हाताला धरून बाहेर ओढलं. त्याचे डोळे सुजले होते. "ऐकलंच नाही त्यानं माझं," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात सहाला बारा कमी होते. टिळेकरबाईंनी बाटली टेबलाच्या मोरीकडच्या कडेला सरकवून ठेवली होती आणि कागद तयार करून ठेवला होता. दिवसांची जागा कोरी होती, पण त्याखाली एक सही आधीच झालेली होती. पाण्याचा डाग, लांबट, एका बाजूला वळलेला, आणि कडेला वाळूचे दोन कण.

"ही कुणाची?" मालननं विचारलं.

"ओढ्याची. तो सकाळीच येऊन करून जातो."

"कोऱ्या कागदावर?"

"नेहमीच," टिळेकरबाई म्हणाल्या. "आम्ही सांगतो त्याला, आकडा पडू दे, मग कर. ऐकत नाही."

मालननं त्या डागाला हात लावला. तो अजून गार होता. साहेबांनी कोऱ्या जागेत शंभर लिहिले आणि मालननं डागाशेजारी सही केली. अक्षर नीट आलं. टिळेकरबाईंनी सुरी मेणबत्तीवर धरली, लाखेखाली सरकवली आणि मोहर उचलली. खोलीत ओल्या दगडांचा वास पसरला. पारवे एकदम घुमले, कासवानं डोकं आत घेतलं, आणि बाटली रिकामी झाली. खिडकीजवळचं टेबल फरशीतून आपलं आपण वर आलं.

मालनचा फोन वाजला. सुमन होती. "वहिनी, बादली बुडाली," ती म्हणाली. "ऐका." फोनमधून पाणी भरल्याचा आवाज आला, मग रहाट करकरला. मालननं फोन साहेबांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मोठी आहे," ते म्हणाले. "सांभाळा."

ती आणि इस्माईल शेवटच्या बसनं गावात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत उभी होती. ओढा या दोघांच्या आधी पोचला होता. तो मालनच्या ओट्यावर येऊन थांबला होता, चपला काढायच्या जागेपाशी, उंबऱ्याला न शिवता. त्याच्याबरोबर त्याचं थोडं सामान होतं. लव्हाळ्याची एक जुडी, बरेचसे गोटे, एक तुटकी टोपली, आणि तळाशी वाळूत अंग गाडून बसलेला एक मासा, एकच. पाणी गढूळ होतं आणि त्यात सगळे रंग थोडे थोडे होते.

"किती वेळ झाला?" मालननं सुमनला विचारलं.

"झाला असेल तासभर. तोवर माझ्याकडं ये म्हटलं तर येईना."

मालननं कुलूप काढलं, दोन्ही फळ्या लोटल्या आणि पदर सावरून बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "घर लहान आहे. पण या."

ओढा आत आला. पहिल्या खोलीत त्यानं अंग पसरलं, पलंगाखालून गेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून उतरला. इस्माईलनं पिठाचा डबा आणि देव माडीवर नेले. सुमननं अंथरुणं वर फेकली. मालन घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं आणि ते गार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आपलं काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. तो मासा दाराच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिनं पाटा सरकवून त्याच्यावर सावली केली.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. मग गुडघ्यांपर्यंत.

इस्माईल जिन्यावर उभा राहून बघत होता. "वहिनी," तो म्हणाला, "हे वाहतं पाणी हाय. आत येतंय खरं, पण भाईर कुठनं जायाचं?"

मालननं आजूबाजूला पाहिलं. कारखान्याला मागचं दार होतं. घराला नव्हतं. स्वयंपाकघराची मागची भिंत सरळ एकसंध होती, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं त्या भिंतीला पाठ लावून चूल पेटवली होती, पण तिच्या पलीकडं काय आहे ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. ओढा त्या भिंतीशी येऊन थबकला होता. मागून येणारं पाणी त्याच्यावर चढत होतं, तरी तो भिंतीला धक्का देत नव्हता. तो थांबला होता.

"पहार द्या," मालन म्हणाली.

इस्माईलनं पहार दिली. तिनं कमरेएवढ्या पाण्यात पाय रोवले, पाण्याच्या रेषेवरच्या एका विटेची कड धरली आणि पहारीचं टोक सांध्यात घातलं. चुना भुसभुशीत होता. वीट दोनदा हलली, तिसऱ्यांदा सुटली आणि पलीकडच्या बाजूला सरकली. ती पडल्याचा आवाज आला नाही. मालननं भोकातून पाहिलं. पलीकडून कुणीतरी ती वीट अलगद हातात घेतली होती, बाजूला ठेवली होती, आणि पुढच्या विटेसाठी ओला हात पुढं करून थांबलं होतं.